जिंकलेली मॅच पुन्हा पाहताना : पास वाचायचा कसा?

परवा आमचा फुटबॉल संघ २-० ने जिंकला. शेवटची शिट्टी वाजली आणि फोनवर मेसेजची रांग लागली. "काय पासिंग झालं आज!", "मिडफिल्ड अक्षरशः खिशात घातलं", "कोचने बरोबर डाव टाकला". कुणीतरी आकड्यांचा फोटो टाकला : पझेशन, म्हणजे चेंडूचा ताबा, ६४ टक्के, पास सहाशेच्या वर. त्यावर सगळ्यांनी अंगठे दिले. मीही दिला, आणि मनापासून दिला.

मग एका मित्राने विचारलं, "दुसरा गोल नेमका झाला कसा रे?" सगळ्यांचं उत्तर एकच. उजव्या विंगरने, म्हणजे उजव्या कडेने चढाई करणाऱ्याने, डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, जमिनीलगत क्रॉस टाकला, स्ट्रायकरने पाय लावला. बरोबर आहे. पण तो विंगर तिथे इतका मोकळा कसा सापडला? हे कुणालाच सांगता येईना. मलाही नाही. ९० मिनिटं डोळ्यात तेल घालून पाहिलेल्या मॅचमधल्या सगळ्यात सुंदर चालीचा आम्ही फक्त शेवट पाहिला होता.

मॅच हरली की तिची चिरफाड करायला कुणाला सांगावं लागत नाही. कोण जागेवर नव्हता, कुणी चेंडू गमावला, कोचने बदल उशिरा का केला, सगळं निघतं. जिंकलं की मात्र स्कोअरबोर्डच सगळी उत्तरं देऊन टाकतो. जिंकलो म्हणजे डावपेच बरोबर. पास जास्त म्हणजे पासिंग उत्तम. ही साखळी दर वेळी खरी नसते आणि ती कुठे तुटते ते पाहायला शिकलं की मॅच दुप्पट रंगते. मला जे समजलं ते थोडक्यात असं : पासचा कस चेंडू कुठे पोचला यापेक्षा त्या पासमुळे समोरचे खेळाडू कुठे ओढले गेले, यावर लागतो. पुढचं सगळं याच एका वाक्याभोवती आहे.

पझेशनच्या आकड्याचं काय करायचं?

आधी त्या ६४ टक्क्यांकडे वळू, कारण जिंकल्यावर पहिला पुरावा म्हणून तोच पुढे केला जातो.

पझेशन म्हणजे चेंडू किती वेळ आपल्याकडे होता, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात आकडेवारी देणाऱ्या काही कंपन्या घड्याळ लावत नाहीत. एकूण पासपैकी आपल्या पासचा वाटा किती, यावरून त्या टक्केवारी काढतात. २०२२च्या विश्वचषकात तर फिफाने तिसरा कप्पाच केला : चेंडू दोघांपैकी कुणाच्याच ताब्यात नाही, झटापट चालू आहे, असा वेळ वेगळा दाखवला. त्यामुळे एकाच मॅचचे दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर गोंधळून जायचं कारण नाही. मोजायची रीतच वेगवेगळी आहे.

पण खरी अडचण मोजण्यात नसून अर्थ लावण्यात आहे. त्याच विश्वचषकात १ डिसेंबर २०२२ रोजी जपानने स्पेनला २-१ ने हरवलं. जपानकडे चेंडू होता सुमारे १८ टक्के. १९६६पासूनच्या विश्वचषकांच्या नोंदींत जिंकलेल्या संघाचं इतकं कमी पझेशन दुसरं नाही. त्यानंतर पाचच दिवसांनी मोरोक्कोविरुद्ध स्पेनने हजारावर पास केले, १२० मिनिटांत गोल एकही नाही, आणि शूटआउटमध्ये ते ३-० ने बाहेर पडले. चार वर्षांपूर्वी, १ जुलै २०१८ला मॉस्कोत रशियाविरुद्ध हेच झालं होतं : हजारावर पास, १-१ बरोबरी, शूटआउटमध्ये हार.

या आकड्यांवरून "पासिंगचा काही उपयोग नाही" असा निष्कर्ष काढणारे भेटतात. ती घाई आहे. स्पेनचा संघ २०१० साली विश्वचषक जिंकला तोही चेंडू आपल्याकडे ठेवूनच. उत्तर मधे कुठेतरी आहे आणि ते स्कोअरमध्ये लपलेलं आहे.

जो संघ पुढे आहे तो सहसा मागे सरतो. त्याला गोलची निकड नसते, जागा झाकायची असते. म्हणून तो चेंडू समोरच्याला देतो आणि डीसमोर भिंत उभी करतो. जो मागे आहे त्याच्या वाट्याला चेंडू आपोआप जास्त येतो. म्हणजे पझेशन हे कित्येकदा वरचढपणाचं कारण नसून पिछाडीचा परिणाम असतं. ८ जुलै २०१४ची बेलो होरिझोंतेची उपांत्य फेरी आठवा. जर्मनीने ब्राझीलला ७-१ असं लोळवलं. त्या मॅचमध्ये पझेशन किंचित जास्त ब्राझीलचं होतं, गोलकडे मारलेले फटकेही ब्राझीलचेच जास्त होते. जर्मनीने पहिल्या अर्ध्या तासात पाच गोल केले होते. त्यापुढचा तासभर कोण कशासाठी खेळत होतं हे लक्षात न घेता नुसता तक्ता वाचला, तर मॅच बरोबर उलटी दिसते.

म्हणून आपल्या विजयाचे आकडे पाहताना मी एक गोष्ट नेमाने करतो : मॅच गोलच्या मिनिटांवर कापतो. पहिला गोल होईपर्यंत काय चाललं होतं? त्यानंतर काय? परवाच्या मॅचमध्ये आमचा पहिला गोल १८व्या मिनिटाला कॉर्नरवर झाला. तरीही पुढे चेंडू आमच्याकडेच राहिला, याचा अर्थ मागे पडलेल्या समोरच्या संघाला तो हिसकावता येत नव्हता. इथे ६४ टक्क्यांना वजन आहे. हाच आकडा ०-१ असताना आला असता तर मी त्याला फारशी किंमत दिली नसती.

एका हिशेबनिसाची चूक

पास मोजण्याचा नाद आजचा नाही. इंग्लंडच्या हवाई दलात हिशेबाचं काम पाहणारे चार्ल्स रीप मार्च १९५०मध्ये स्विंडन टाउनची मॅच पाहत होते. आपला संघ पुन्हा पुन्हा चढाई करतो आणि हाती काही लागत नाही, हे पाहून ते वैतागले आणि मध्यंतरानंतर वही काढून प्रत्येक चाल टिपायला लागले. पुढे अनेक वर्षं त्यांनी शेकडो मॅचेस अशा टिपल्या. १९६८ साली बर्नार्ड बेंजामिन या संख्याशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी शोधनिबंध लिहिला. त्यांना दिसलं ते असं की बहुतांश गोल, साधारण दहातले आठ, तीन किंवा त्याहून कमी पासच्या चालींतून होतात. मग कशाला एवढे पास करायचे? चेंडू लवकर, लांब, पुढे मारा. इंग्लंडमधल्या अनेक प्रशिक्षकांवर या विचाराचा पुढची काही दशकं प्रभाव होता.

रीप यांची चिकाटी विलक्षण होती आणि त्यांच्या नोंदीही खऱ्या होत्या. निष्कर्ष मात्र फसवा होता. कसा ते सोप्या आकड्यांत पाहू. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

समजा एकूण एक हजार चाली झाल्या. फुटबॉलमध्ये चेंडू सारखा हातचा जातो, त्यामुळे बहुतेक चाली दोन-तीन पासातच संपतात. धरा ९२० चाली छोट्या, ८० चाली लांब, म्हणजे जास्त पासच्या. एकूण गोल झाले १०. त्यातले ८ छोट्या चालींतून, २ लांब चालींतून. वरवर पाहता छोट्या चाली चौपट फायद्याच्या. पण ८ गोलसाठी ९२० प्रयत्न लागले, म्हणजे ११५ चालींमागे एक गोल. लांब चालींत ८० प्रयत्नांत २, म्हणजे ४० चालींमागे एक गोल. लांब चाल जवळजवळ तिप्पट फळली! रीप यांनी गोल मोजले, पण प्रयत्नांशी त्यांचं प्रमाण लावलं नाही. पुढच्या काळात संशोधकांनी विश्वचषकाच्या मॅचेस घेऊन हा हिशेब नव्याने मांडला, तेव्हा लांब चालींची बाजू अशीच उजळ दिसली.

इथेही थोडं सावध राहायला हवं. लांब चाली करणारे संघ मुळात चांगल्या खेळाडूंचे असतात, त्यामुळे गोल पासमुळे झाले की खेळाडूंमुळे, हे पूर्ण वेगळं काढता येत नाही. पण "गोल तर तीन पासातच होतात" असं कुणी ठासून सांगितलं, तर प्रयत्न किती होते एवढं विचारावं.

पासने कुणाला हलवलं?

आता आकडे बाजूला ठेवून मैदानावर येऊ.

चेंडू एका वेळी एकाच्या पायात असतो. ९० मिनिटांच्या मॅचमध्ये चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण ५५ ते ६० मिनिटं. ती २२ जणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटांच्या आसपास वेळ येतो, आणि चेंडू हवेत किंवा वाटेत असतो तो वेळ वजा केला तर त्याहूनही कमी. उरलेला सगळा वेळ खेळाडू चेंडूशिवाय मैदानावर असतो. टीव्हीचा कॅमेरा मात्र चेंडूच्या मागे असतो आणि आपले डोळे कॅमेऱ्याच्या मागे. म्हणून डावपेच डोळ्यांना दिसत नाहीत.

हे सगळ्यात सुंदर दिसतं ते १९७०च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, ब्राझीलच्या इटलीविरुद्धच्या चौथ्या गोलमध्ये. ८६वं मिनिट. ब्राझीलच्या अर्ध्या भागात क्लोदोआल्दो एकामागून एक चार इटालियन खेळाडूंना चकवतो, रिवेलिनो डाव्या कडेने चेंडू पुढे घालतो, तिथे जैरझिन्यो तो घेऊन आत वळतो आणि पेलेला देतो. पेले डीच्या तोंडाशी उभा. तो अगदी निवांतपणे, जणू कुणी नाहीच तिथे, अशा रिकाम्या जागेत उजवीकडे चेंडू सरकवतो. पडद्यावर त्या क्षणी तिथे खरंच कुणी नसतं. मग उजवीकडून बचावपटू कार्लोस अल्बर्टो धावत चित्रात येतो आणि पहिल्याच फटक्यात चेंडू जाळ्यात.

लोक पेलेच्या पासबद्दल बोलतात, आणि तो पास होताही तसाच. पण ती मोकळी जागा आली कुठून? जैरझिन्यो हा उजव्या बाजूचा विंगर. तो त्या वेळी डाव्या कडेला काय करत होता? इटली माणसामागे माणूस लावून खेळत असे. जैरझिन्योच्या मागावर त्यांचा डावा बचावपटू फाकेत्ती. जैरझिन्यो आपली बाजू सोडून गेला, फाकेत्ती त्याच्यामागे गेला, आणि इटलीची संपूर्ण डावी बाजू, म्हणजे ब्राझीलची उजवी, उघडी पडली. कार्लोस अल्बर्टोला तो रस्ता पासमुळे मिळाला, पण तयार आधीच झाला होता. पेलेला तो तयार आहे हे माहीत होतं.

आपल्या संघाची मॅच पाहतानाही हेच करायचं. गोलपासून उलटं मोजत मागे जायचं आणि प्रत्येक पासला विचारायचं : याने समोरचा कोण जागचा हलला?

यातून एक गोष्ट चटकन लक्षात येते. आपण ज्यांना "निरर्थक" म्हणतो असे पास, सेंटर बॅककडून (बचावफळीच्या मधल्या खेळाडूकडून) मिडफिल्डरकडे आणि लगेच परत, हे पुष्कळदा आमिष असतात. मिडफिल्डर पाठमोरा आहे, त्याच्याकडे चेंडू जातोय, हे पाहून समोरचा खेळाडू झडप घालायला पुढे येतो. तो आला की त्याच्या पाठीमागे दहा मीटरचा पट्टा रिकामा. चेंडू परत सेंटर बॅककडे येतो आणि पुढचा पास थेट त्या पट्ट्यात. आकडेवारीत पहिले दोन पास "छोटे, मागे" म्हणून नोंदले जातात. प्रत्यक्षात दार त्यांनीच उघडलेलं असतं.

दुसरी युक्ती आहे तिसऱ्या माणसाची. अ ला क कडे चेंडू द्यायचाय, पण मधे बचावपटू असा उभा आहे की क त्याच्या सावलीत आहे. थेट पास अशक्य. मग अ चेंडू ब ला देतो. ब वेगळ्या कोनात उभा आहे, त्याला क स्वच्छ दिसतो. तो पहिल्याच स्पर्शात चेंडू क कडे सरकवतो. बचावपटू ब कडे वळेपर्यंत काम झालेलं असतं. सरावात खेळाडू वर्तुळ करून उभे राहतात आणि मधल्या दोघांना चेंडू मिळू देत नाहीत, त्या खेळाला रोंडो म्हणतात. बाहेरून तो पोरखेळ वाटतो, पण ही तिसऱ्या माणसाची नजर तिथेच तयार होते. बार्सिलोनाच्या शावी, इनिएस्टा, बुस्केत्स यांच्या २००८ ते २०१२च्या काळातल्या मॅचेस आज पुन्हा पाहिल्या तर दर दोन मिनिटांनी हा त्रिकोण दिसतो.

आणि तिसरी गोष्ट इतकी बारीक आहे की स्टेडियममध्ये बसूनही निसटते : पास कुठल्या पायावर दिला. मिडफिल्डर आडवा उभा आहे, डावा खांदा आपल्या गोलकडे, उजवा समोरच्या गोलकडे. पास त्याच्या डाव्या पायावर, म्हणजे जवळच्या पायावर आला तर त्याला थांबावं लागतं, चेंडू शांत करावा लागतो, मग वळावं लागतं. तेवढ्यात बचावपटू अंगावर. तोच पास अर्धा मीटर पुढे, उजव्या पायावर आला, तर चेंडू घेणं आणि वळणं ही एकच हालचाल होते. दोन्ही पास आकडेवारीत "अचूक". एकाने चाल मेली, दुसऱ्याने चाल उघडली. म्हणूनच "पास अचूकता ९२ टक्के" हे वाक्य मला एकटं कधीच पुरत नाही. त्यातून सेंटर बॅकची अचूकता नेहमीच जास्त असते, कारण त्याच्यासमोर गर्दी कमी असते आणि आडवे पास सोपे असतात. डीच्या कडेला जोखमीचा पास देणारा ७५ टक्क्यांवरही मॅच जिंकून देऊ शकतो.

ही उणीव काही खेळाडूंनाच जाणवली. स्टेफान रायनार्ट्स आणि येन्स हेगेलर या दोन जर्मन फुटबॉलपटूंनी "पॅकिंग" नावाचं मोजमाप काढलं. कल्पना साधी आहे : एका पासने किंवा ड्रिबलने समोरचे किती खेळाडू मागे पडले? तीन जणांना मागे टाकणारा एक पास आणि कुणालाच मागे न टाकणारे वीस पास यांतला फरक निदान आकड्यात दिसू लागतो. आमिषाचा पास मात्र त्यातही सुटतो. तो पाहायला डोळेच लागतात.

आपल्याच डीसमोर हे काय चाललंय?

हा प्रश्न प्रत्येक चाहत्याने ओरडून विचारलेला असतो. गोलकीपर चेंडू लांब मारायचा सोडून शेजारच्या सेंटर बॅकला देतो, तो परत देतो, समोरचे दोघे अंगावर धावत येतात, आणि आपला जीव टांगणीला.

याच्या मागे दोन नियम आहेत. १९९२ साली ठरलं की सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घ्यायचा नाही. त्याआधी वेळ काढायचा तो हमखास मार्ग होता. या नियमामुळे गोलकीपरला पायाने खेळता येणं भाग पडलं. मग २०१९मध्ये गोलकिकचा नियम बदलला. तोवर चेंडू डीच्या बाहेर गेल्याशिवाय कुणी त्याला हात, म्हणजे पाय, लावू शकत नसे. आता आपले बचावपटू डीमध्येच तो घेऊ शकतात, समोरच्यांनी मात्र चेंडू खेळात येईपर्यंत बाहेर थांबायचं.

आता गणित बघा. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा. समोरचा गोलकीपर त्याच्या गोलमध्ये अडकलेला असतो. आपला गोलकीपर पासिंगमध्ये आला की मैदानावर आपण अकरा आणि ते दहा. कुठेतरी एक माणूस मोकळा असायलाच हवा. समोरच्यांनी आपल्याला डीपाशी गाठायला सहा जण पाठवले तर त्यांच्या मागे चारच उरले. ते सहा ओलांडणारा एक पास निघाला की पुढे अर्धं मैदान मोकळं. कोच हा धोका पत्करतो तो यासाठी. ३०व्या मिनिटाला हृदयाचे ठोके वाढवणारी चाल आणि ३१व्या मिनिटाचा गोल, यांचा संबंध असतो.

धोका खोटा नाही, हेही खरं. जपानच्या स्पेनविरुद्धच्या विजयाकडे परत जाऊ. पूर्वार्धात जपानने पाच बचावपटू ठेवून मागे बसून खेळ केला आणि ०-१ असे मागे पडले. मध्यंतरात दोआन आणि मितोमा यांना आणलं आणि उत्तरार्ध सुरू होताच संपूर्ण संघ पुढे सरकला. ४८व्या मिनिटाला स्पेनने नेहमीप्रमाणे मागून चाल रचायला घेतली. गोलकीपरने चेंडू डाव्या फुलबॅककडे, म्हणजे कडेच्या बचावपटूकडे, उचलून दिला. अशा पासची जपान वाटच पाहत होता : चेंडू हवेत, घेणारा कडेच्या रेषेजवळ, त्याला पळायला एकच दिशा. इतो त्याच्यावर तुटून पडला, चेंडू दोआनकडे उसळला, दोआनने आत येऊन डाव्या पायाने असा मारला की गोलकीपरचे हात लागूनही थांबला नाही. तीन मिनिटांत दुसरा गोल. मितोमाने रेषेवरून कसाबसा ओढून घेतलेला चेंडू आणि तानाकाचा स्पर्श.

प्रेसिंग, म्हणजे चेंडू हिसकावायला समोरच्यावर तुटून पडणं, ही नुसती धावाधाव नव्हे, हे इथे कळतं. संघ ठरवून काही खुणांची वाट पाहतो : मागे दिलेला मऊ पास, कच्चा पहिला स्पर्श, कडेच्या रेषेकडे गेलेला चेंडू. खूण दिसली की पाच जण एकदम निघतात. एक जण निघाला आणि चार उभे राहिले तर ते प्रेसिंग नाही, ते भोक आहे. जपानकडे १८ टक्के चेंडू होता, पण तो कुठे हिसकावायचा हे त्यांनी ठरवलेलं होतं.

लांब पासलाही कमी लेखू नये, हे जाता जाता सांगतो. पासिंग म्हणजे छोटे छोटे पास अशी समजूत घट्ट आहे. २०१५-१६ला लेस्टर सिटीने इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली तेव्हा पझेशनमध्ये ते तळाच्या संघांत होते. फेब्रुवारी २०१६मध्ये लिव्हरपूलविरुद्ध लेस्टरच्या महरेझने आपल्या भागातून एक लांब चेंडू बचावफळीच्या डोक्यावरून टाकला आणि वार्डीने तो एका टप्प्यानंतर, दुरूनच, थेट जाळ्यात मारला. एक पास, एक फटका. पण वार्डीच्या वेगाच्या भीतीने बचावपटू आधीपासून जागा बदलत होते. हलवणं तिथेही होतंच.

डोकं वर

नॉर्वेचे संशोधक गेयर योर्डेट यांनी खेळाडूंच्या डोक्यांचा अभ्यास केला. चेंडू येण्याआधीच्या काही सेकंदांत खेळाडू किती वेळा मान वळवून इकडेतिकडे पाहतो, हे त्यांनी चित्रफितींवरून मोजलं. जे जास्त वेळा पाहतात त्यांचे पुढे जाणारे पास जास्त यशस्वी होतात, असं त्यांना दिसलं. शावी यात अव्वल गणला जायचा. चेंडू पायात आल्यावर विचार करायला वेळ नसतो. उत्तर आधीच तयार हवं.

मॅच दुसऱ्यांदा पाहताना म्हणून मी एक खेळाडू निवडतो, बहुधा बचावफळीसमोरचा मिडफिल्डर, आणि दहा मिनिटं फक्त त्याला पाहतो. आवाज बंद. चेंडू कुठेही असो. सुरुवातीला कंटाळा येतो, मग अचानक मॅच वेगळीच दिसू लागते. गोल किंवा असिस्टच्या तक्त्यात नाव नसलेला हा माणूस तीन पावलं डावीकडे सरकतो आणि त्याच्यामागे समोरचा स्ट्रायकर सरकतो, त्यामुळे सेंटर बॅकला रस्ता मिळतो. तो सारखा मान वळवत असतो. हाताने खुणा करतो. चेंडू मिळाला की एका स्पर्शात सोडतो. अशा खेळाडूबद्दल मॅचनंतर कुणी एक शब्दही काढत नाही.

परवाच्या मॅचमधला आमचा दुसरा गोल मी दुसऱ्या दिवशी सकाळी असाच पाहिला. गोलपासून मागे मागे. सात पास होते. चौथा पास आमच्या सेंटर बॅकने मिडफिल्डरला दिला, पाचवा त्याने तसाच परत केला. मॅच चालू असताना हे दोन पास पाहून मी वैतागलो होतो. पण त्याच दोन पासांत समोरचे दोन मिडफिल्डर झडप घालायला पुढे आले. सहावा पास त्या दोघांच्या मधून, आमच्या आठ नंबरच्या मिडफिल्डरच्या लांबच्या पायावर. त्याने वळता वळता सातवा पास उजव्या विंगरच्या पुढ्यात सोडला. क्रॉस, स्ट्रायकर, गोल.

तरीही एक प्रश्न उरत होता. उजवीकडे एवढी जागा होती, तर समोरची बचावफळी तिकडे सरकली का नाही? मी चित्र थांबवून डावीकडे पाहिलं. आमचा डावा विंगर कडेच्या पांढऱ्या रेषेवर बूट टेकवून उभा होता. त्यांचा फुलबॅक त्याला सोडून आत जायला तयार नव्हता, आणि फुलबॅक जागचा हलेना म्हणून शेजारचा सेंटर बॅकही. बचावफळी ताणून धरलेल्या दोरीसारखी झाली होती. मी चाल पुन्हा पहिल्या पासपासून लावली. गोल होईपर्यंत त्या मुलाचा चेंडूला एकदाही पाय लागला नाही. सगळे स्ट्रायकरकडे धावले, तेव्हा तो रेषेवरून हात उंचावत आत आला.